नाक्यावरची पसंती

नवं कुत्रं नाक्यावर आलं की गुंडूमामा आधी त्याची झडती घेत. "कुठनं आलास? कुठं चाललास? माल काय हाय?" असं दरडावून विचारत, आणि पंजे, कान, दात तपासून मगच आत सोडत. निजामाच्या राज्यात ते आमच्या गावच्या करोडगिरी नाक्यावर, म्हणजे जकातीच्या चौकीवर, जवान होते. राज्य गेलं, सरहद्द गेली, नाका बंद पडला. सोलापूर रस्त्यावरची ती तीन खोल्यांची दगडी इमारत ओस पडली, तेव्हा मामांनी तिच्यात टाकून दिलेली जनावरं सांभाळायला घेतली. लंगडी कुत्री, थकलेले बैल, बाजारातून कुणी न नेलेली खोंडं, जे येईल ते.

मी त्याच गावचा मास्तर. आता लपवून काय करू, मला त्या माणसाचा हेवा वाटायचा. माझी शाळा मारुतीच्या देवळात भरे, आणि सुटली की पोरं घरी न जाता नाक्याकडं धूम ठोकत. बायका शिळ्या भाकरी, ताक, कण्या न चुकता नाक्यावर पाठवत. गावातला प्रत्येक अर्ज मी लिहून देत असे, पण माझ्या दारात कुणी वाटीभर ताक आणून ठेवल्याचं मला आठवत नाही.

जनावर न्यायची मामांची एक रीत होती. "पोरगी बघाय जाताव तसं न्हाय हितं. हितं जनावर तुमाला बघनार," ते म्हणत. मागणाऱ्यानं तीन दिवस त्या जनावराजवळ येऊन बसायचं, चौथ्या दिवशी ते आपणहून मागं चाललं तरच न्यायचं. खुद्द पाटलांना एका कुत्र्यानं नापसंत केलं होतं. उलट, रानातल्या वस्तीवर एकट्या राहणाऱ्या चंद्राबाईच्या मागं एका कानाची कुत्री दुसऱ्याच दिवशी चालू लागली. तेव्हापासून ती बाई दाराला धोंडा न लावता झोपू लागली. ऐन पेरणीत एकाचा बैल मेला, तर मामांनी खूर बरा केलेला एक बैल त्याच्या औताला दिला. "नाका कुनाचा? गावाचा," एवढंच म्हणाले.

माझं दुखणं निराळंच होतं. मोती नावाचं कुत्रं मी पिल्लापासून वाढवलं होतं. मास्तरांच्या ट्रेनिंगसाठी मी चार महिने धाराशिवला गेलो, बायको माहेरी गेली आणि मोतीला शेजाऱ्याच्या खुंट्याला बांधून ठेवलं. दावं तोडून तो नाक्यावर गेला. परत आल्यावर मी त्याला आणायला गेलो, तर मामा म्हणाले, "मास्तर, तुमी बी बसा तीन दिस. कायदा समद्यांना सारखा."

माझ्याच कुत्र्यासाठी मी माझ्याच विद्यार्थ्यांसमोर तीन दिवस दगडावर बसलो. चौथ्या दिवशी उठून चालू लागलो. मोतीनं शेपटी हलवली आणि तो मामांच्या पायाशी बसून राहिला. एक पोरगं फिदकन हसलं. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

त्या आठवड्यात मी तहसिलीला निनावी अर्ज धाडला. सरकारी इमारतीत बेवारशी जनावरं कोंडली आहेत, शाळेला जागा नाही, इमारत खाली करवून शाळेस द्यावी. शाळेला जागा नव्हती हे खरंच होतं. पण अर्ज शाळेनं लिहिला नव्हता, माझ्या जळफळाटानं लिहिला होता.

महिन्याभरात नोटीस आली. मामांना उर्दू येई, मराठी वाचता येत नसे. ते नोटीस घेऊन आले ते थेट माझ्याकडं. गावात दुसरं लिहिणारं होतंच कोण? एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती.

"लिवा मास्तर," ते म्हणाले, "जनावरं मुकी हायती. नाका सोडून त्यास्नी दुसरी जागा न्हाय."

"आणखी?"

"आनखी काय? झालं की."

अर्धवट अर्ज लिहिणं मला जमत नाही, असं मनाशी म्हणत मी लिहीत गेलो. चंद्राबाई आली, पेरणीचा बैल आला, पाटलांची नापसंती आली. खुंट्याला बांधून विसरलेलं एक कुत्रंही आलं. मामांनी खाली उर्दूत सही केली.

सुनावणीला मामांनी मलाही सोबत नेलं. तुळजापूरला तहसीलदारांनी आम्हा दोघांना समोर उभं करून दोन्ही अर्ज मोठ्यानं वाचले. मग शेजारी शेजारी ठेवून माझ्याकडं पाहिलं. "मास्तर, अक्षर एकच दिसतंय."

मामाच पुढं झाले. "साहेब, आमच्या गावात समद्यांचे अर्ज मास्तरच लिवत्यात. जो जे सांगंल ते लिवत्यात. त्यांचा काय गुन्हा?"

तहसीलदारांनी शाळेसाठी दुसरी जागा शोधायला सांगितलं आणि नाका मामांकडंच ठेवला.

परतीच्या यष्टीत मामा हळूच म्हणाले, "पयला अर्ज कुनी सांगितला ते मी इचारत न्हाय. पर मास्तर, म्या तर दोनच गोष्टी सांगितल्या हुत्या. बाकीचं दीड पान कुनी सांगितलं?"

मामांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. पहिला अर्ज मी द्वेषानं लिहिला, हे मला लिहितानाच ठाऊक होतं. दुसरा कशानं लिहिला, ते मामा जिवंत असेपर्यंत त्यांना सांगायचं धाडस मला झालं नाही.