रहोबोथच्या फाटकाबाहेरचा नळ

देवाने माझी प्रार्थना ऐकली हे सांगताना खरं तर आनंद व्हायला हवा. मला अजून लाजच वाटते.

आयटीतल्या पगारावर आम्ही वाघोलीत बैठं घर बांधलं. आम्हा ख्रिस्ती लोकांना घराला बायबलमधलं नाव द्यायची हौस. ‘बेथेल’ आणि ‘एबेनेझर’ चर्चमधल्या ओळखीच्यांनी आधीच लावलेली, म्हणून मी ‘रहोबोथ’ उचललं. अर्थ पाहिला नाही. संगमरवरावर कोरून घेतलं, पाळकांकडून प्रार्थना करून घेतली, झालं काम.

आमच्या बोअरला पाणी भरपूर. शेजारी पोस्टातून निवृत्त झालेले यवतमाळकडचे काका आणि काकू. त्यांची बोअर उन्हाळ्यात आटायची. बांधकामाच्या वेळचा एक नळ आमच्या फाटकाबाहेर राहिला होता. काकू विचारून त्यावरून दोन हंडे न्यायच्या. दोनाचे चार झाले तसं माझं पित्त खवळलं. तोंडावर नाही म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून प्लंबरकरवी तोटी काढून बूच बसवलं. दुसऱ्या दिवशी काकू रिकामा हंडा घेऊन परत गेल्या. मी पडद्याआडून पाहत होतो.

त्याच महिन्यात माझ्या आईला जुलाब सुरू झाले. अंथरुणातच सगळं होत होतं, आणि नेमकी आमची मोटर जळली. टाकी कोरडी. टँकरवाला म्हणाला, उद्या. माखलेल्या चादरी बायकोने अंगणात टाकल्या आणि मी आईच्या उशाशी गुडघे टेकून देवाकडे पाणी मागत राहिलो. शेजारी मागायला जीभ रेटत नव्हती.

मागचं दार वाजलं. काकू हंडा घेऊन उभ्या, मागे काका दोन बादल्या घेऊन. चादरी पाहूनच त्या आल्या होत्या. “आम्हाले काहून नाही सांगितलं?” एवढंच म्हणाल्या, पदर खोचला आणि आईला स्वच्छ करायला बसल्या. ते त्यांनी टँकरमधून घेऊन साठवलेलं पाणी होतं.

दुपारी आईला जरा हुशारी आली. काकांनी सहज विचारलं, “अहो, दारावरच्या नावाचा अर्थ काय?” नळाचं आईला काहीच ठाऊक नव्हतं. पडल्या पडल्या तीच सांगू लागली. “बायबलातल्या इसहाकाच्या माणसांनी विहीर खणली की लोक भांडायला यायचे. दोन विहिरी त्याने सोडून दिल्या. तिसरीवर कुणी भांडलं नाही, म्हणून तिचं नाव रहोबोथ. म्हणजे ऐसपैस जागा.”

“चांगलं नाव हाय,” काकू म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

मोटर दुरुस्त झाली त्या दिवशी मी स्वतः पाना घेऊन बूच काढलं आणि तोटी बसवली. माफीची चार वाक्यं जुळवून काकांकडे गेलो, तर पहिल्याच वाक्याला त्यांनी चहा पुढे केला. बोअर माझी असेल, पाणी देवाचं, हे मला तिथे बसून कळलं.

काकू आता फाटकाशी येऊन “पाणी नेते हो,” म्हणतात. विचारत नाहीत. प्रार्थनेत मी पहिले आभार त्यांच्या या न विचारण्याबद्दलच मानतो.