छावणीत आलेलं बोलावणं

विमान चालवताना कशाची भीती वाटते, असं लोक मला हमखास विचारतात. वादळ, वीज, बंद पडलेलं इंजिन अशी काहीतरी उत्तरं त्यांना हवी असतात, आणि मीही ती देऊन टाकते, उगाच कुणाचा हिरमोड कशाला करा. खरं सांगायचं तर नोकरीच्या पहिल्या वर्षी मला सगळ्यात जास्त धास्ती होती ती माझ्या फोनची.

नव्या वैमानिकाच्या वाट्याला रिझर्व्ह ड्युटी जास्त येते, तशी ती माझ्याही आली. कुणी आजारी पडलं, कुणी कुठे अडकलं, की त्याच्या जागी जायला आपण तयार असायचं. बोलावणं येईलच असं नाही आणि येणार नाही असंही नाही. आमच्या संघटनेने कंपनीशी केलेल्या करारात यावर पानंच्या पानं होती. संघटनेचे एक ज्येष्ठ कॅप्टन आम्हा नव्यांना ती समजावून सांगत. रिझर्व्ह दोन प्रकारची, ते म्हणाले. जवळची असेल तर फोन आल्यावर दोन तासांत विमानतळावर हजर. लांबची असेल तर कंपनीने अर्धा दिवस आधी कळवायचं, आणि तोवर तुम्ही कुठे आहात हे विचारायचा तिला अधिकार नाही.

माझं निम्मं लक्ष चहाकडे होतं. करार खरा वाचला होता तो माझ्या मैत्रिणीने. आम्ही दोघी प्रशिक्षणापासून बरोबर होतो आणि पुण्यात एकाच सोसायटीत राहायचो. तिला वर्षाच्या आतलं बाळ होतं, तरी एकेक कलम तिला पाठ. ती मला दम भरायची, "पहिल्या रिंगला फोन उचलशील तर बघ. उलट फोन करायला करारात वेळ दिलाय आपल्याला. तेवढ्यात आपण उडायला धड आहोत का, ते स्वतःला विचारायचं. एकदा हो म्हटलं की ड्युटी तुझ्या नावावर."

"आणि धड नसलो तर?"

"दमलेय म्हणून सांगायचं. शिक्षा नाही, तसं कलमच आहे."

"मग कुणी सांगत का नाही?"

"लेखी खुलासा द्यावा लागतो ना, बये. मग साहेबांच्या समोर बसून चहा प्यावा लागतो."

त्या उन्हाळ्यात आमच्याकडे, पाटोद्याच्या बाजूला, दुष्काळ होता. विहिरींचे तळ दिसत होते. गावच्या दूध संस्थेने माळावर चारा छावणी उघडली होती आणि जनावरांच्या मागे निम्मं गाव तिकडेच राहायला गेलं होतं. माझे वडील, आबा, संस्थेचे चेअरमन, त्यामुळे आमची गाय आणि बैलजोडी वैरणीच्या रांगेत सगळ्यात शेवटी. चेअरमनपणाचा आमच्या घराला झालेला फायदा तो एवढाच.

एका दुपारी आईचा फोन आला. "आबा वैरणीच्या ट्रॅक्टरवरून पडले. उन्हानं चक्कर आली. लई काही न्हाई, पर तू ये." आई एरवी डोकं दुखलं तरी सगळ्या गल्लीला सांगते. तिने "लई काही न्हाई" म्हटल्यावर मी गाडीची किल्ली शोधायला लागले.

माझी लांबची रिझर्व्ह चालू होती. पाटोदा पुण्याहून पाच तासांवर, म्हणजे नियमाने मी जाऊ शकत होते. तरी चोरासारखी निघाले. फोन समोर अडकवला होता आणि रस्त्यापेक्षा माझी नजर त्याच्या रेंजवर जास्त होती. रेंज गेली की वेग वाढवायचे, आली की गाडी बाजूला घेऊन मिस्ड कॉल बघायचे. वाटेत मैत्रिणीला फोन केला, तर तिच्या बाळाला ताप होता. "दोन रात्री डोळ्याला डोळा नाही," ती म्हणाली. बाळ एवढं रडत होतं की आमचं पुढचं बोलणं झालंच नाही.

आबांना दवाखान्यात सलाईन लावून सोडलं होतं. घरी जायचं सोडून ते छावणीतच परत आले होते. हिरव्या जाळीखाली खाटेवर पडलेले, ओठ फुटलेले, आणि मला बघून काय म्हणावं, तर "तुजी ड्युटी न्हाई का?" रात्री त्यांना ताप चढला. मी आणि आई ओल्या फडक्याने अंग पुसत बसलो, रात्र तशीच गेली. सकाळी टँकर आला. आमच्या वाट्याचं पाणी ओढून भरलं, जनावरांना पाजलं. दुपारी जरा आडवी झाले. पण शेकडो गुरांच्या हंबरण्यात, शेणाच्या वासात आणि माश्यांत झोप कुठली? त्यातही फोन छातीवर होताच.

ऊन कलताना तो वाजला आणि मी पहिल्याच रिंगला उचलला.

"उद्या पहाटेची फेरी आहे. येताय ना?" ड्युट्या लावणाऱ्या ऑफिसातला माणूस विचारत होता.

"हो सर."

फोन ठेवल्यावर मला मैत्रीण आठवली. जीभ चावून उपयोग नव्हता. कंपनीचं काही चुकलंही नव्हतं, अर्धा दिवस आधी कळवलं होतं. लांबच्या रिझर्व्हची वेळ विश्रांतीत धरतात, त्यामुळे कागदावर मी दोन दिवस झोपलेली होते. मी हिशेब मांडायला लागले, आता निघाले तर पोचेन कधी, झोपेन किती, उठायचं कधी. हिशेब तीनदा केला आणि तिन्ही वेळा वेगळा आला. साधी बेरीज जमेना.

तरी निघालेच. नाही म्हणायची छाती झाली नाही. आईने भाकरी बांधून दिली आणि ती गाडीच्या पुढे जाऊन उभी राहिली, मी मागे घेताना वाट दाखवायला. मी मागचा गिअर टाकला, पाय दिला, आणि गाडी पुढे उसळली. आई बाजूला पडली म्हणून वाचली. मी पुढचाच गिअर टाकला होता.

"अगं, मारतीस का काय!" ती धुळीतून उठत ओरडली.

मी इंजिन बंद केलं. हात स्टिअरिंगवर तसेच होते. या हातांनी उद्या शे-दीडशे माणसं घेऊन मी उडणार होते.

आबा खाटेवरूनच विचारत होते, "कावून थांबलीस?"

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि सांगून टाकलं. "आबा, मला झोप नाही. मला उद्या विमान चालवता यायचं नाही."

"मग? न्हाई म्हनाया येतंय का तुमच्यात?"

"येतं. करारात आहे."

"कागदावर लई असतंय," आबा म्हणाले. "आमच्या संस्थेच्या नियमात बी हाय. नोकरी गेली मंजी?" गावातल्या पहिल्या वैमानिक मुलीचा बाप म्हणून त्यांचा सत्कार झाला होता. दुष्काळात एवढी एकच गोष्ट त्यांना मिरवायला उरली होती.

आई कोपराचं रक्त पदराने टिपत आली. तिने ना मला विचारलं ना आबांना. "लोकांची लेकरं बसत्यात त्यात. लाव फोन."

मी फोन लावला. दमल्यामुळे उडायला योग्य नाही, एवढंच म्हणायचं होतं, ते म्हटलं. मग तो माणूस म्हणाला, "दमलात? रिझर्व्हवर असताना? बरं. लेखी खुलासा पाठवा." बस, एवढंच. मी खाटेच्या शेजारी जमिनीवरच आडवी झाले आणि मेल्यासारखी झोपले.

उजाडता उजाडता जाग आली तेव्हा मैत्रिणीचा मेसेज येऊन पडला होता. "तुझी फेरी मला आली. निघतेय."

ती पुण्यात होती, जवळच्या रिझर्व्हवर. मी नाही म्हटल्यावर फोन पुढच्या नावाला जाणार, हे मला माहीत होतं. पण ते नाव तिचं असेल हे डोक्यात आलंच नव्हतं. मी फोन लावला तर तिचा बंद. म्हणजे ती विमानात बसली होती. तेव्हाच दोन रात्री जागलेली बाई, त्यानंतरच्या दोन रात्रीही कुठे झोपली असणार.

उडालेली विमानं नकाशावर दाखवणारं ॲप माझ्या फोनात होतं. छावणीत रेंज धड नव्हती म्हणून मी माळावरच्या दगडांच्या ढिगावर चढून उभी राहिले. नकाशावर ते एवढंसं विमान सरकत होतं. मधेच ते थांबलं. रेंज गेली असणार, हे कळत होतं, तरी राहवेना. मी फोन डोक्यावर धरून इकडून तिकडे फिरत होते. खाली वैरण उतरवणारी माणसं माझ्याकडे बघून हसत होती. मी देवाचं नाव घेत होते, जे मी स्वतः उडताना कधी घेत नाही. विमान पुन्हा दिसलं तेव्हा ते बरंच पुढे गेलं होतं. मग खाली यायला लागलं, हळूहळू, आणि धावपट्टीवर थांबलं.

मी तिथेच बसले आणि रडले. थोड्या वेळाने तिचाच फोन आला.

"उतरले गं. जरा आपटलं, पण उतरले."

"झोपली होतीस?"

"नाही."

"मग सांगायचं ना तसं! करार तुलाच पाठ आहे ना?"

"सांगणारच होते," ती म्हणाली. तिचा आवाज जड येत होता, शब्द एकमेकांत अडकत होते. "तर तो म्हणाला, आधीच्या बाईही दमल्यात म्हणे, आता तुम्ही तरी तेच सांगू नका. एकाच दिवशी दोघी, त्यात दोघीही बायका. पुढे बायकांना कुणी नोकरीवर घेतलं असतं का?"

मागून तिला कुणीतरी हाक मारली.

"चल, ठेवते," ती म्हणाली. "परतीचे प्रवासी चढायला लागलेत."