चूक मॅनेजरची

आमच्या संघावर गोल झाला की मॅनेजर प्रेक्षकांकडे वळायचे, उजवा हात वर करायचे आणि म्हणायचे, "चूक माजी हाय. पोरांना कायबी बोलू नका."

गोल कसाही झालेला असो. गोलकीपर शौकतच्या दोन पायांमधून चेंडू आरामात आत गेला, तरी हात वर मॅनेजरांचाच. साताऱ्याच्या सामन्यात आमच्या महावीरने स्वतःच्याच जाळ्यात हेडर मारला. काय हेडर होता! समोरच्या जाळ्यात वर्षभर त्याला तसा एक जमला नव्हता. तेव्हाही मॅनेजर म्हणाले, "त्येला तितं मीच उभा केलता."

तुम्ही कुठल्या संघामागे गावोगाव हिंडला असाल तर तुम्हाला पटेल, हरल्यावर शिव्या द्यायला एक माणूस लागतो. आमचा माणूस स्वतःहून हात वर करायचा. आम्ही त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला, एवढंच.

मी सांगलीत मॅनेजरांपासून दोन घरं सोडून राहतो. नोकरी आष्ट्याच्या एका शाळेत, क्लार्कची. ते एका दवाखान्यात कंपाउंडर होते. फुटबॉलमधलं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत नव्हतं, हे मी आजही सांगतो. मग सगळे खेळाडू त्यांच्याच ओट्यावर का बसायचे? माझ्या घरचा चहा चांगला, बिस्किटं क्रीमची. पण पोरं माझ्या दारावरून जाताना "काका, बरं हाय का?" एवढं म्हणायची आणि पुढे जाऊन त्यांच्याकडचा फुळकवणी चहा प्यायची. मला ते बघवत नसे. मी खिडकी लावून घ्यायचो आणि फटीतून बघायचो.

लागोपाठ पाच सामने हरलो तेव्हा गल्ली पेटली. कमिटीला अर्ज द्यायचं ठरलं. अर्ज लिहिण्यात माझा हात कुणी धरत नाही. 'वरील विषयास अनुसरून' करत दीड पान उतरवलं. सदर इसमाने पराभवांची जबाबदारी वेळोवेळी जाहीरपणे मान्य केलेली असल्याने त्यांना पदमुक्त करावे. गल्लीने भराभर सह्या केल्या. माझी सर्वांत शेवटी, बारीक अक्षरात.

मॅनेजर पायउतार झाले आणि कमिटीने ती जागा मला देऊ केली. मी 'नको, नको' म्हणालो. म्हणताना अंगात नवा ट्रॅकसूट होता.

मी शिस्त आणली. पलूसच्या सामन्यात गोल झाल्यावर प्रेक्षकांकडे वळून कोण चुकलं ते नाव घेऊन सांगितलं. खरं तेच सांगितलं. दुसऱ्या गोलला दुसरं नाव. पुढे पुढे मैदानात अकरा जण जमवणं अवघड होऊन बसलं. शौकत म्हणाला, "काका, तुमी बरूबर बोलता. पर तुमच्यासाठनी उडी मारावी वाटत न्हाई." हंगाम संपायच्या आत मी राजीनामा दिला. तोही अर्ज छान उतरला होता.

मागच्या महिन्यात मॅनेजर वारले. सकाळी फोन उघडला तर गल्लीतल्या प्रत्येकाच्या स्टेटसला त्यांचा फोटो. 'हटाव' म्हणून ज्यांनी घसे बसवून घेतले होते, तेच लिहीत होते, असा मॅनेजर पुन्हा होणे नाही. माझ्या मनात पहिलं काय आलं ते लिहायला नको, पण लिहितो. वाटलं, आपण गेलो तर किती जण ठेवतील?

शोकसभा मैदानावरच घेतली. शौकत उठला. "मॅनेजर हुते तवाच्या फायनलचा गोल माज्या हातनं सुटला. मी उनाकडं बघत हुतो."

"बस रं," महावीर म्हणाला. "ती फायनल माज्यामुळं गेली. पेनल्टी कुणी दिलती?"

मग तिसरा उठला, चौथा उठला. ज्याला त्याला आपलीच चूक मोठी वाटत होती, आणि त्यावरून सभेत चांगलीच जुंपली. मला त्याचाही हेवा वाटला. एवढ्या प्रेमाने सांगायला यांच्याकडे चुका तरी होत्या. मग आठवलं, सगळ्यांत मोठी तर माझ्याकडेच आहे.

उठलो. "त्यांना काढायचा अर्ज मी लिहिला होता," मी म्हणालो. "वाक्य न् वाक्य माझं."

कुणीही दचकलं नाही. महावीर म्हणाला, "काका, बसा. आमाला ठावं हाय."

"काय ठाऊक आहे?"

"त्यो अर्ज मॅनेजरनीच तुमच्याकडनं लिवून घेतला. तब्येत झेपंना म्हणून. तुमी तयार नव्हता, त्येंनी लय गळ घातली. आमी तुमच्या दारावर दगडं टाकाय निगालो हुतो, तवा त्येंनीच अडवून सांगितलं."

"असं काही झालेलं नाही," मी म्हणालो. "मला कुणी गळ घातली नाही. मी माझ्या मनाने लिहिला. मला बघवत नव्हतं म्हणून लिहिला."

शौकतने डोळे पुसले आणि पोरांकडे वळून म्हणाला, "बगा. काका अजून त्येंच्यासाठनी सगळं सोताच्या अंगावर घेत्यात."

कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली. एवढ्या वर्षांत त्या मैदानावर मला मिळालेल्या त्या पहिल्या टाळ्या, आणि त्यासुद्धा मॅनेजरांच्याच.