अडकलेला बर्च

सकाळचे सव्वानऊ. मार्चमधला शुक्रवार, तापमान उणे सात, आणि ऑस्मो हुट्टिनेन फावड्यानं बर्फ बाजूला सारतो आहे. झाडाला करवत लावण्याआधी पळायची वाट मोकळी करायची, हा त्याचा नियम. झाड जिकडे पडणार त्याच्या उलट बाजूला, तिरकी मागे जाणारी वाट. घराच्या दारापासून रस्त्यापर्यंतच्या वाटेपेक्षा ही रुंद असते, असं त्याची बायको हिल्का ज्याला त्याला सांगते.

ऑस्मो अडुसष्ट वर्षांचा आहे. सॉना, म्हणजे वाफेनं न्हायची खोली, तापवायची लाकडं तो दर मार्चला घरामागच्या रानातून तोडतो. हेल्मेट, तोंडावर जाळी, कानांवर आवाज अडवणाऱ्या टोप्या, करवत लागलीच तर साखळी गुंतवून थांबवणारी जाड विजार, सगळं अंगावर असतं. चेनसॉच्या पात्याचं टोक लाकडाला टेकलं तर करवत तोंडावर उसळते, हे त्यानं गावातल्या नवशिक्यांना इतक्यांदा ऐकवलंय की ते आता त्याला पाहून रस्ता बदलतात. दुसरा नियम आणखी कडक: झाडाच्या दुप्पट उंचीएवढ्या अंतरात कोणी माणूस असेल तर करवत चालू करायची नाही.

हिल्का अशा वेळी स्वयंपाकघरात असते, पण कान बाहेर असतात. करवत, मग शांतता, मग धप्प, मग फांद्या छाटायला पुन्हा करवत. आज शांततेनंतर धप्प आलंच नाही. तिनं कॉफी चुलीवरून उतरवली आणि खुर्ची बसवलेली बर्फावरची घसरगाडी पायानं ढकलत रान गाठलं.

ऑस्मो धडधाकट होता. कापलेला बर्च मात्र ना उभा होता ना आडवा. पडता पडता वळला होता आणि शेजारच्या स्प्रूसच्या फांद्यांत अडकून सॉनाच्या वाटेवर तिरका लटकत होता.

"पडलं नाही वाटतं," हिल्का म्हणाली.

"पडलंय की. जमिनीपर्यंत आलं नाही एवढंच."

लांब दांड्याचा आकडा अडकवून तो खोड बाजूनं फिरवायला बघत होता. पद्धत बरोबरच होती. खोड हललं नाही.

"भुसा फार बारीक पडलाय रे."

"थंडीनं."

"तौनोला फोन कर. त्याच्या ट्रॅक्टरला विंच आहे, लांबूनच ओढून काढेल."

ऑस्मोनं ऐकलं नाही असं दाखवलं. कानांवर टोप्या असल्याचा हा एक फायदा.

तौनो शेजारी राहतो. दोघं एका शाळेत होते. गेल्या शरद ऋतूत, शिकारीला जमलेल्या सगळ्यांसमोर त्यानं ऑस्मोच्या करवतीखालचा भुसा चिमटीत घेतला होता. "अरे, लाकूड कापतोयस की राईचं पीठ दळतोयस?" धार गेलेली साखळी जाड भुशाऐवजी पीठ पाडते, हे तिथं सगळ्यांना कळत होतं. ऑस्मो कॉफी अर्धी टाकून घरी गेला. या गावात कॉफी टाकून कोणी उठत नाही. तेव्हापासून रस्त्यात गाड्या समोरासमोर आल्या की दोघं स्टिअरिंगवरून एक बोट उचलतात. आधी दोन उचलायचे.

आता ऑस्मोची नजर स्प्रूसवर गेली.

"त्याच्याकडे बघू नकोस," हिल्का म्हणाली.

"नुसतं बघतोय."

"तुझा वेयोकाकाही नुसतं बघत होता."

वेयोकाकानं असंच अडकलेलं झाड ज्यावर टेकलं होतं, तेच झाड कापलं होतं. दोन्ही झाडं एकदम आली आणि पळायची वाट कुठल्या बाजूला ठेवावी हे कळायच्या आत तो संपला. ती गोष्ट नवशिक्यांना ऑस्मोच सांगतो. तरी त्यानं करवत उचलली.

झाड येणार नाही अशा बाजूला, पण दुप्पट उंचीच्या बरीच आत, हिल्कानं घसरगाडी थांबवली, खुर्चीत बसली आणि खिशातून विणकाम काढलं.

"मागे हो, हिल्का."

"मी बरी आहे इथं."

"तू तिथं असताना मला करवत चालू करता येत नाही!"

"माहितीये. तुझाच नियम आहे. टाचेपर्यंत आलाय मोजा, संध्याकाळपर्यंत होईल."

ऑस्मोनं करवत खाली ठेवली. मग बुंध्यापाशी वाकला. काप एका बाजूला ओढला गेला होता, सरळ गेलाच नव्हता. म्हणून झाड वळलं होतं. त्यानं भुसा चिमटीत घेतला, हातमोज्याला पुसला आणि फोन काढला.

"तौनो."

"हं."

"विंच चालतो का तुझा अजून?"

"चालतो. अडकलंय?"

"बर्च."

"स्प्रूसला हात लावलास?"

"नाही."

"तुला अडवायला कोण बसलंय तिथं?"

"हिल्का."

"मग ठीक. आज मी दुधाच्या गाडीच्या रस्त्यावरचा बर्फ हटवतोय. उद्या येतो. झाडाखालून कोणाला जाऊ देऊ नकोस."

ऑस्मोनं हातमोज्यावरचा भुसा झटकला. "येताना साखळीला धार करायची तुझी गोल कानस आण. माझी झिजलीय."

पलीकडून हसू आलं नाही. तौनोच्या हिशेबात हे फार होतं.

"आणतो," तौनो म्हणाला.

दुपारपर्यंत झाडांच्या चारी बाजूंनी दुरूनच लाल फीत बांधून झाली आणि सॉनाची वाट बंद झाली. हिल्कानं मोज्याची टाच उसवली. रानात बसून विणलेली वाकडी झाली होती.

उद्या शनिवार. सॉना नेहमीप्रमाणे संध्याकाळी पाचला तापायला लागेल. त्याआधी, सकाळी नऊलाच, तौनोचा ट्रॅक्टर वाट मोकळी करायला येणार आहे.