जोडकाकांनी लावलेलं शेपूट

अख्खी खाण त्यांना जोडकाका म्हणायची, कारण तुटलेलं काही दिसलं की त्यांच्या हातांना खाज सुटे. चुनखडीच्या लाद्या उकलताना मधूनच कोट्यवधी वर्षांपूर्वीचा एखादा मासा निघायचा, तोही बहुधा मुंडकं गमावलेला. काका दुसऱ्या माशाचं मुंडकं आणायचे, सरसाने चिकटवायचे आणि सांध्यावर दगडाची भुकटी चोळायचे. गिऱ्हाईक खूश, आणि मासा काही तक्रार करायला येत नव्हता. खाणीत यात कोणालाच वावगं वाटत नसे. नटाला रंगमंचावर ढकलण्याआधी तोंडाला रंग फासतात, तेवढंच हे.

एका सकाळी लादी उकलली आणि आत उडत्या सरपटणाऱ्या प्राण्याचा जीवाश्म! पंख पेलणारं लांबच लांब बोट, दातांनी भरलेली चोच, आणि मान मागे टाकून असा पडलेला, की शेवटच्या अंकात मरणाऱ्या नायकाने येऊन शिकवणी घ्यावी. शेपटीच्या जागी मात्र नुसता खुंट.

"काम अर्धवट टाकलंय लेकाच्यांनी," काका पुटपुटले. लेकाचे म्हणजे कोण, ते त्यांनाच ठाऊक. फळीवर दुसऱ्या एका प्राण्याचं लांबलचक, टोकाला पान असलेलं शेपूट पडून होतं. ते त्यांनी याला बसवलं. गडी एकदम रुबाबदार दिसायला लागला.

संग्रहालयातल्या बाई आल्या. वयाने लहान, नोकरीत नव्या. भिंग घेऊन कितीतरी वेळ लादीवर ओणव्या राहिल्या.

"ही रेघ कसली, काका?"

"लादी तडकली होती. सांधली."

बाई उठल्या त्या डोळ्यांत पाणी घेऊनच. "यांच्यात आखूड शेपटीचे वेगळे आणि लांब शेपटीचे वेगळे. दोन्हींची लक्षणं एकाच अंगावर मी पहिल्यांदा बघतेय. ही नवी प्रजाती असणार! आणि तिला नाव तुमचं देणार मी."

काकांचं नाव आजवर कुठेच लागलं नव्हतं. दारावरच्या पाटीवर सासऱ्यांचं, खाणीच्या फलकावर मालकाचं. आता थेट विज्ञानाच्या पुस्तकात! ते छाती काढून हिंडू लागले, आरशासमोर उभे राहून नम्र दिसायची तालीमही करू लागले.

"अहो," काकू एकदा भांडी विसळता विसळता म्हणाल्या, "तुमचं नाव लागणार, तेही दुसऱ्याच्या शेपटीवर?"

"हळू बोल गं."

"मी बोलेन हळू. पण उद्या दुसऱ्या कुणी ते शेपूट ओळखलं, तर हसं त्या पोरीचं होईल. तुम्ही इथे सरस उकळत बसाल."

"माझं नाव जाईल ना पण."

"जाऊ दे. मला पाठ आहे ते."

काका त्या रात्री जेवले कमी आणि कण्हले जास्त.

बाई लादी न्यायला आल्या, सोबत भुसा भरलेला खोका. काकांनी त्यांना खुर्चीत बसवलं, घसा खाकरला, बाह्या वर केल्या आणि काकूंच्या हातून उकळत्या पाण्याची किटली घेऊन सांध्यावर धार धरली. बाई किंचाळल्या. सरस विरघळला, भुकटीचा चिखल झाला आणि शेपूट अलगद काकांच्या तळहातावर उतरलं.

"हे त्याचं नाही," काका म्हणाले. "मी लावलं. बोडकं दिसत होतं बिचारं."

मग बाई बोलल्या, आणि काय बोलल्या! काकांची अक्कल निघाली, वय निघालं, पांढऱ्या केसांचा उद्धार झाला. काका मान खाली घालून ऐकत राहिले. इतकं दणदणीत भाषण त्यांनी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं, पण टाळी वाजवायची सोय नव्हती.

दम घ्यायला बाई थांबल्या आणि त्यांची नजर फळीकडे गेली. तिथे मासे, झिंगे आणि एक कासव ओळीने मांडले होते, सगळे कसे धडधाकट.

"काका," त्यांचा आवाज एकदम बारीक झाला, "यातलं... अस्सल किती आहे?"

काका खरोखरच विचारात पडले. काकूंनी रिकामी किटली उचलली.

"तुम्ही बसा निवांत," त्या म्हणाल्या. "मी आणखी पाणी ठेवते."