धारदार कड

माझ्या वर्कशॉपमधून धारदार कडेचा एकही नग बाहेर जात नाही. हा नियम मीच घातला. येळ्ळूरहून सायकलीवर येऊन दुसऱ्याच्या लेथवर शिकत होतो, तेव्हा अंगठा कापला होता. नग तयार झाला की आमचे म्हातारे टर्नर अण्णा कड घासून मऊ करतात, वरून अंगठा फिरवतात आणि मगच कागदात गुंडाळतात.

मुलीचं नोझलही त्यांनी तसंच गुंडाळलं.

मुलगी बाहेरगावी लेसरच्या प्रयोगशाळेत संशोधन करते. तिच्या साहेबानं काढलेल्या ड्रॉइंगवरून आम्ही केलेलं हे नोझल करंगळीएवढं, आतलं भोक सुईच्या टोकाइतकं बारीक आणि पुढे रुंद होत जाणारं. त्यातून दाबलेला आर्गॉन वायू निर्वात डब्यात सुटतो, गार होतो आणि पिठल्यात होतात तशा त्याच्या अणूंच्या गुठळ्या होतात. त्यांवर लेसरचा क्षणभराचा जबर झोत मारायचा. झोतामागे, नावेमागे उठते तशी लाट उठते आणि गुठळ्यांतले इलेक्ट्रॉन तिच्यावर बसून सुसाट पळतात. हे तिनं जेवताना समजावलं होतं. मी मान हलवली होती.

लेसर वापरायचा तिचा नंबर लागला आणि फोन आला.

"आप्पा, इलेक्ट्रॉन येईनात. वायू तोंडाशीच फाकतोय, गुठळ्याच धरंनात. कड गोल कुणी केली?"

"धारदार ठेवा म्हणून ड्रॉइंगवर लिवलंय व्हय?"

"न्हाय."

"मग तुझ्या साहेबाला सांग, आधी ड्रॉइंग नीट काढा म्हणावं."

"सर म्हणत्यात, परदेशातनं मागवू. तवर लेसरवरला माझा नंबर जातोय, पुढचा कधी लागंल ठाऊक न्हाय. भांडण मागनं करा."

परदेशातनं! गिऱ्हाइकांशी भांडून, घासाघीस करून उभं केलेलं माझं वर्कशॉप एका न लिहिलेल्या ओळीपायी बाद. तिच्याशीही घासाघीस केलीच. मी चार दिवस मागितले, तिनं दोन दिले.

अण्णांना म्हटलं, या खेपेला कड घासायची नाही.

"असं कसं? पोरीचा हात कापंल की."

"कापू दे!"

लेथवर मीच उभा राहिलो. डोळे आता साथ देत नाहीत. पहिलं बिघडलं, दुसरं साधलं. डबीत घालून बसनं स्वतः घेऊन गेलो.

गेटवरच्या शिपायानं पास मागितला. एरवी मी तिथंच आवाज चढवला असता, पण अंगात त्राण नव्हतं. मुलगी धावत आली आणि डबी घेऊन गेली. मी बाकावर बसून राहिलो.

दुपार कलल्यावर ती आली आणि फोन पुढे धरला. काळ्या चौकोनात एक पांढरा ठिपका.

"इलेक्ट्रॉन, आप्पा."

"एवढंच?"

"एवढ्यासाठीच मरत होतो की. परदेशातलं रद्द."

"ड्रॉइंग चुकलं म्हणाला का साहेब?"

"न्हाय," ती हसली.

आत जाऊन त्याला काय काय सुनवायचं, ते मी बसमध्ये घोकून ठेवलं होतं. तेवढ्यात तिच्या अंगठ्यावरची चिकटपट्टी दिसली.

"बसवताना लागलं जरा."

मी तिचा हात हातात घेतला.

"म्हणून घासतो आम्ही कड," एवढंच म्हणालो आणि परतीची बस विचारली.