उंबर आणि उंबरा

बयाबाईंना आमच्या चर्चच्या मंडळीत कुणी आणलं नाही. त्या आपल्या आपण आल्या आणि दहाबारा वर्षं दाराबाहेर बसल्या. हे मी पाळकीण म्हणून सांगते आहे. पाळकसाहेबांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने सांगितलं असतं, तर जरा गोड करून सांगितलं असतं.

एक्क्याण्णव साली आमची बदली कोल्हापुरातल्या या चर्चमध्ये झाली. आवारात खिडकीला लागून एक जुनं उंबराचं झाड. पहिल्याच रविवारी उपासना चालू असताना बाहेर नजर गेली, तर झाडाखाली पोतं अंथरून एक बाई बसलेली. उंचीला माझ्या खांद्याएवढी, कपाळावर ठसठशीत कुंकू. पिकली उंबरं डोक्यावर पडत होती, चिलटं घोंगावत होती आणि बाई खिडकीकडे मान वर करून आतलं ऐकत होती. उपदेश अर्ध्यावर आला तशी ती उठली, बुंध्याला हात लावला आणि निघून गेली. पुढे हे दर रविवारचंच झालं.

लक्ष्मीपुरीच्या मंडईत त्या भाजी विकायच्या. तिथेच कोथिंबिरीच्या पेंढीवरून घासाघीस करता करता आमची ओळख झाली. नवरा गुंडू शाहूपुरीत गुळाच्या रव्यांची, म्हणजे ढेपांची हमाली करायचा. माणूस वाईट नव्हता, पण दत्ताचा कट्टर भक्त. पौर्णिमा आली की नरसोबाची वाडी गाठायचाच. त्यांची एकुलती एक मुलगी मिशनच्या दवाखान्यात तापाने गेली. तेव्हा तिथली एक नर्स बयाबाईंशेजारी जमिनीवर बसली आणि प्रार्थना करता करता स्वतःच रडली.

“सगळी म्हणत हुती, रडू नगं. ती एकटी म्हणली, रड,” बयाबाई सांगायच्या.

ती नर्स ज्याचं नाव घेत होती त्याला बघायचं, एवढंच मनात धरून त्या आमच्याकडे आल्या. गुंडूनं मात्र बजावलं होतं, “चर्चचा उंबरा वलांडलास, तर माझ्या घराचा उंबरा तुला बंद.” बयाबाई काही कमी नव्हत्या. म्हणाल्या, उंबरा ओलांडत नाही, उंबराखाली बसते. उंबर तर दत्ताचं झाड. दत्ताच्या झाडाखाली बसायला गुंडू मनाई कशी करणार? बयाबाईंचा रविवार मोकळा झाला.

एकदा साहेबांनी शुभवर्तमानातल्या त्या बुटक्या जकातदाराची गोष्ट उपदेशाला घेतली. प्रभू गावात आला, गर्दीमुळे याला दिसेना, म्हणून हा पुढे पळत जाऊन झाडावर चढला. आपल्या मराठी बायबलात ते झाड उंबराचंच आहे. दुसऱ्या दिवशी मंडईत बयाबाईंनी भाजी तोलायची सोडून माझा हात धरला.

“बाई, त्यो बी माझ्यागत बुटका हुता न्हवं? आन झाड बी ह्येच?”

मी हो म्हटलं. त्या दिवसापासून झाड त्यांचं झालं. आधी नुसत्या सावलीला बसायच्या, आता बुंध्याला पाठ टेकून बसू लागल्या. मुलीची आठवण दाटून आली, गुंडूनं दारूपायी शिवीगाळ केली, की मधल्या वारीसुद्धा येऊन टेकायच्या. मी एकदा विचारलं, काय मागता? म्हणाल्या, “मागत काय न्हाय. पाठीला कायतरी लागतंया, तेवढंच बास.” वधस्तंभाच्या लाकडावर मी आजवर बरेच उपदेश ऐकले, पण टेकणं म्हणजे काय ते मला त्यांच्याकडून कळलं.

आम्ही सगळे येता-जाता “सलाम, बयाबाई” म्हणायचो. तेवढ्यावर आम्हाला फार बरं वाटायचं.

दोन हजार तीन साली गुंडू गेला. थोड्या दिवसांनी बयाबाई रिकाम्या कपाळाने आल्या आणि बाप्तिस्मा मागितला. साहेबांनी वडीलमंडळ, म्हणजे चर्चचा कारभार बघणारे वडीलधारे, बोलावलं. त्यात सयाजी गुरुजींचा शब्द मोठा. शाळेतून निवृत्त झाले, तरी परीक्षा घ्यायची सवय काही सुटली नव्हती. त्यात त्यांचं त्या झाडाशी वैर. गुरुवारी बाहेरच्या बायका येऊन त्याला प्रदक्षिणा घालायच्या, हळदकुंकू वाहायच्या. गुरुजींनी आकाराम लाकूडतोड्याला आणलं, तर त्याने झाड बघून हातच जोडले. “पावणं, उंबराला कुऱ्हाड लावणार न्हाय. दुसरं काय बी सांगा.” गुरुजींचा राग तेव्हापासून नाकावरच होता.

बैठकीच्या दिवशी वडीलमंडळ आत खुर्च्यांवर आणि बयाबाई दाराबाहेर उभ्या. नवरा गेला तरी शब्द मोडायला त्यांचं पाऊल उचलत नव्हतं.

“बाप्तिस्मा पाहिजे तर ते झाड सोडावं लागेल,” गुरुजी म्हणाले. “एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. जाताना तुम्ही झाडाला नमस्कार करता, आम्ही बघतो.”

“नमस्कार न्हाय करत, गुरुजी. जाते म्हणून सांगते.”

“मग बसता कशाला तिथं?”

बयाबाईंनी बुटक्या माणसाची गोष्ट सांगितली. चढला इथपर्यंत आल्या आणि थांबल्या.

“आणि पुढं?” गुरुजींनी विचारलं.

“फुडचं म्हाईत न्हाय. तवर मी घरला गेलते. मालक जेवाय यायच्या आत भाकरी थापाय लागायच्या.”

कुणीतरी हसलं. साहेबांनी पुढची गोष्ट सांगितली. प्रभू त्या झाडाखाली थांबला, वर बघितलं, त्याला नावाने हाक मारली आणि म्हणाला, लवकर खाली उतर, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे.

बयाबाईंनी वळून झाडाकडे बघितलं.

“खाली बोलावलं त्येला?”

“हो.”

“मला वाटलं, त्यो वरच बसला. बुटक्यानं झाडावरनंच बघायचं आसतं, आसं धरून चालले मी.”

मला लाज वाटली. एवढ्या वर्षांत खिडकीबाहेर हात काढून या म्हणायला आमचं काय जात होतं?

गुरुजी उठले. गुडघे धरत दारापर्यंत गेले. आजवर ते त्यांना ‘ती उंबराखालची’ म्हणत आले होते.

“बयाबाई, आत या,” ते म्हणाले. “आणि रविवारी आम्ही तुमच्याकडं जेवायला येतो.”

“घरात दत्ताची तसबीर हाय. मालकांची. काढू व्हय?”

गुरुजींनी दाराची चौकट धरली. मग म्हणाले, “आम्ही जेवायला येतोय. तसबीर बघायला नव्हे.”

बयाबाई उंबरा ओलांडून आत आल्या. झाडाचा विषय पुन्हा निघाला नाही. रविवारी बयाबाईंचा बाप्तिस्मा झाला आणि आम्ही सगळे त्यांच्या एका खोलीत दाटीवाटीने जेवायला बसलो. झुणका, भाकरी, खर्डा. त्या वाढत होत्या आणि वाढून झालं की दाराशी जाऊन उभ्या राहत होत्या.

“तुमचं ताट?” गुरुजींनी विचारलं.

“मी मागनं. तुमी जेवा, मी बघते की.”

गुरुजींनी हातातला घास खाली ठेवला आणि सरकून शेजारी जागा केली. “लांबनं बघून झालं आता. बसा.”

बयाबाई पंगतीत बसल्या. त्यांचं ताट मी वाढलं.